सिकलसेल आणि खुब्याचे ऑपरेशन
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला आरोग्यावर दोन शब्द बोलायला सांगितले. आरोग्य हा विषय फार मोठा आहे. सगळेच सांगू गेलो तर रात्र पुरणार नाही, आणि घरी गेल्यावर काहीच आठवणार नाही. म्हणून आम्ही एकच विषय घ्यायचे ठरवले. तो म्हणजे सिकलसेलच्या रुग्णाचा खुबा आणि त्याचे ऑपरेशन.

सिकलसेल म्हटले की आपल्याला रक्त आठवते, कावीळ आठवते, रात्रभर हातपाय दुखून रडणारे लेकरू आठवते. खुबा मात्र कोणाला आठवत नाही. पण लहानपणीच्या सगळ्या दुखण्यांतून वाचलेला मुलगा वीस-पंचविशीत येतो, शिक्षण होते, नोकरीची वेळ येते, आणि नेमका तेव्हा खुबा दगा देतो. मग "ऑपरेशन करावे का? केले तर चालता येईल का? किती वर्षे टिकेल? आपल्याच्यानं खर्च होईल का?" असे प्रश्न घरात सुरू होतात. आम्ही हाडांच्या वॉर्डात काम करणारी माणसे. हे प्रश्न आम्हाला रोज ऐकायला मिळतात. त्यांची उत्तरे, जेवढी शास्त्राला आज ठाऊक आहेत तेवढी, आज आपल्यापुढे ठेवतो.

हा विषय आपल्या विहारातच का, असे कोणी विचारेल. विदर्भात सिकलसेल आदिवासी बांधवांत जसा आहे तसा आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे, म्हणून. मध्य भारतातील सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा लेख 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली आला. म्हणजे ही गोष्ट शास्त्राला साठ वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. आपल्या वस्तीत मात्र आजही ती दबक्या आवाजात बोलली जाते. नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभारून हा आवाज मोठा केला. त्यांच्या कामाची दखल घेऊन २०१८ साली त्यांच्या नावे पद्मश्री जाहीर झाली.

बंधू-भगिनींनो, हा आजार कोणाच्या पापाचा नाही, शापाचा नाही, मागच्या जन्माचाही नाही. तो आई आणि वडील दोघांकडून आलेल्या जनुकाचा आहे. ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तेथे एक सिकल जनुक असलेली माणसे मलेरियातून अधिक वाचली, म्हणून ते जनुक टिकून राहिले. एकाच पालकाकडून जनुक आले तर माणूस वाहक होतो, ज्याला आपण ए-एस म्हणतो. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. आज आम्ही जे खुब्याबद्दल सांगणार आहोत ते मुख्यतः दोन्हीकडून जनुक आलेल्या, म्हणजे एस-एस रुग्णांसाठी आहे. वाहकांनी उगाच घाबरून जाऊ नये.

आता खुब्यात होते काय ते बघू. खुबा म्हणजे वाटी आणि चेंडू. कमरेच्या हाडात वाटी असते आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चेंडूसारखा गोल असतो. आपले सगळे वजन त्या गोलावर येते. पण या गोलाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या बारीक आणि मोजक्या. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. अशा पेशी त्या बारीक नळ्यांत अडकतात. रक्त मिळाले नाही की गोलाच्या आतले हाड मरते. बाहेरून गोल तसाच दिसतो, पण आतून तो वाळवी लागलेल्या लाकडासारखा पोकळ होत जातो. वजन सोसता सोसता एक दिवस तो खचतो, चपटा होतो. मग वाटी आणि गोल एकमेकांवर घासू लागतात आणि सांधा झिजतो. डॉक्टर याला ए.व्ही.एन. म्हणतात.

हे किती जणांना होते? अमेरिकेत १९९१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांवरील २५९० सिकलसेल रुग्ण होते. त्यांच्यापैकी सुमारे दहा टक्के रुग्णांच्या खुब्यात हा बिघाड आढळला, आणि अगदी पाच वर्षांच्या मुलातही तो दिसला. वय वाढते तसे प्रमाण वाढत जाते. पुष्कळदा एका बाजूचा खुबा गेला की दुसऱ्या बाजूचाही जातो. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. सिकलसेलबरोबर अल्फा थॅलेसेमियाचे जनुक असेल तर रक्त थोडे बरे राहते, पण खुब्याचा धोका उलट वाढतो. हे जनुक आपल्या देशातील रुग्णांत पुष्कळ आढळते. म्हणून "आमच्या पोराला रक्त चढवावं लागत नाही, म्हणजे त्याचा सिकलसेल साधाच आहे" असे समजून खुब्याकडे दुर्लक्ष करू नका.

आता ओळखायचे कसे? येथेच मोठा घोळ होतो. खुबा बिघडला तरी रुग्ण "खुबा दुखतो" असे म्हणत नाही. तो म्हणतो, जांघेत दुखते, मांडीत दुखते, नाहीतर गुडघा दुखतो. मग गुडघ्याचा एक्स-रे काढतात. तो चांगला येतो. गोळ्या घेऊन पोरगा घरी जातो. सहा महिने जातात. म्हणून लक्षात ठेवा : सिकलसेलचा रुग्ण लंगडू लागला, त्याला पालथी मांडी घालता येईना, मोजा किंवा बूट घालताना पाय वळेना, जांघेत किंवा गुडघ्यात महिनाभर दुखत राहिले, तर खुब्याची तपासणी करायला डॉक्टरांना आपण होऊन सांगा. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही, एम.आर.आय.मध्ये दिसते. आणि खुब्याच्या दुखण्याबरोबर ताप असेल तर एक दिवसही थांबू नका. सिकलसेलमध्ये हाडात जंतुसंसर्ग होतो, आणि "नेहमीचेच दुखणे आहे" म्हणून तो अंगावर काढला जातो.

दुखण्यावर गल्लीतल्या पुड्या आणि सुया घेऊ नका हो! त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते. पण स्टेरॉइड हेच मुळात खुब्याचा गोल मरण्याचे एक मोठे कारण आहे, सिकलसेल नसलेल्या माणसातसुद्धा. दारूचेही तेच.

वेळेवर कळले तर काय फायदा, असे कोणी म्हणेल. फ्रान्समधील डॉक्टरांनी २००३ साली एक अभ्यास छापला. सिकलसेलच्या ज्या प्रौढ रुग्णांचा खुबा दुखू लागला होता, त्यांच्यावर शस्त्रक्रिया न करता त्यांनी लक्ष ठेवले. पाच वर्षांत त्यातले ८७ टक्के खुबे खचले. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, पण तो लपवून चालणार नाही. एकदा दुखू लागले की वेळ थोडा असतो. त्या वेळात पायावरचा भार कमी करणे, काठी घेणे, व्यायाम शिकणे, रक्ताचे उपचार नीट चालू ठेवणे आणि पुढच्या ऑपरेशनची तयारी करणे एवढे हातात असते.

मग लहान ऑपरेशन करून गोल वाचवता येत नाही का? हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करण्याचे एक ऑपरेशन आहे. ते पुष्कळ ठिकाणी केले जाते. अमेरिकेत त्याची नीट परीक्षा घेतली गेली. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला हे ऑपरेशन आणि व्यायाम, दुसऱ्याला नुसता व्यायाम. निकाल २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी ऑपरेशनवाल्या गटात ८२ टक्के खुबे टिकले होते आणि नुसत्या व्यायामाच्या गटात ८६ टक्के. म्हणजे फरक पडला नाही. रुग्ण मोजकेच होते, म्हणून हा शेवटचा शब्द नाही. पण कोणी हे ऑपरेशन सुचवले तर "याने नुसत्या व्यायामापेक्षा जास्त काय मिळेल?" हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि फिजिओथेरपीला "नुसतं हातपाय हलवणं" समजून जी टाळाटाळ होते, ती बंद झाली पाहिजे.

हायड्रॉक्सियुरिया या गोळीबद्दलही दोन शब्द. या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात हे अमेरिकेत १९९५ साली सिद्ध झाले. आपल्या नागपुरातही सिकलसेलच्या मुलांना ही गोळी कमी मात्रेत देऊन अभ्यास झाला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातही झटके कमी झालेले दिसले. पण मेलेले हाड ही गोळी जिवंत करत नाही. खुबा दुखतो म्हणून गोळी सोडायची नाही, आणि गोळी चालू आहे म्हणून खुब्याकडे दुर्लक्षही करायचे नाही.

आता मुख्य ऑपरेशन, म्हणजे खुबा बदलणे. खराब झालेला गोल काढून धातूचा दांडा आणि नवा गोल बसवतात, वाटीही नवी बसवतात. हे ऑपरेशन आजच्या रूपात आणले इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी, राइटिंग्टन येथील रुग्णालयात. त्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी बसवली. सुमारे तीनशे रुग्ण वेदनामुक्त होऊन चालू लागले. सगळीकडे वाहवा झाली. पण थोड्याच वर्षांत टेफ्लॉन झिजले, त्याच्या भुकटीने आजूबाजूचे हाड खराब झाले आणि रुग्ण परत येऊ लागले. चार्नलींनी ते लपवले नाही. दुसरे प्लॅस्टिक शोधले आणि १९६२ च्या नोव्हेंबरपासून ते वापरायला लागले. ते टिकले. यावरून काय शिकायचे? रुग्ण आठ दिवसांत चालत घरी गेला म्हणजे ऑपरेशन यशस्वी झाले असे नाही. यश दहा वर्षांनी, वीस वर्षांनी मोजायचे असते.

तसे मोजलेले आकडे आज आहेत. वेगवेगळ्या देशांतील नोंदी एकत्र करून २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये लेख आला. त्यानुसार बदललेल्या खुब्यांपैकी १५ वर्षांनी सुमारे ८९ टक्के, २० वर्षांनी ७० टक्के आणि २५ वर्षांनी ५८ टक्के शाबूत होते. पण हे बहुतेक साठी-सत्तरीतले, सांधा झिजलेले रुग्ण. आपला रुग्ण पंचवीस-तीस वर्षांचा असतो. त्याला पुढे चाळीस वर्षे चालायचे आहे. म्हणजे त्याने पहिल्याच दिवशी समजून घ्यायचे की आयुष्यात आणखी एकदा, कदाचित दोनदा हे ऑपरेशन लागू शकते. आणि दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असते.

सिकलसेलच्या रुग्णांचे काय? १९९२ साली छापलेल्या एका अभ्यासात ३५ खुब्यांचा हिशेब दिला आहे. त्यातले ४० टक्के खुबे सुमारे साडेसात वर्षांत पुन्हा उघडावे लागले होते. त्या काळी पुष्कळ सर्जन सिकलसेलच्या रुग्णाला हात लावायला कचरत, ते उगाच नव्हे. या रुग्णाचे हाड आतून कुठे दगडासारखे घट्ट तर कुठे भुसभुशीत असते. दांडा बसवताना हाड फुटण्याची भीती. रक्त जास्त जाते, जंतुसंसर्ग लवकर होतो.

पण २००८ साली फ्रान्समधील त्याच गटाने आपला हिशेब छापला. सिकलसेलचे २४४ रुग्ण, ३१२ खुबे, सरासरी वय ३२. जंतुसंसर्ग झाला फक्त ३ टक्के खुब्यांत. बहुतेक खुबे पुष्कळ वर्षे चालले. मात्र तेथेही सुमारे चौथ्या हिश्श्याच्या ऑपरेशनांत छातीचा त्रास, दुखण्याचा झटका, रक्ताची गुंतागुंत असले काही ना काही झाले, आणि ते सांभाळले गेले. फरक कशामुळे पडला? सामान सुधारले, हात सरावला, हे खरेच. पण हा आजार ओळखणारे रक्ताचे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर आणि सर्जन एकत्र बसून तयारी करतात, त्याचाही वाटा मोठा आहे. इंग्लंडमधून निघालेल्या एका परीक्षेचा निकाल २०१३ साली आला. सिकलसेलच्या ज्या रुग्णांना ऑपरेशनआधी रक्त दिले नव्हते त्यांच्यात ३९ टक्के जणांना गुंतागुंत झाली, आणि ज्यांना दिले त्यांच्यात १५ टक्के. फरक एवढा स्पष्ट होता की ती परीक्षा मध्येच थांबवावी लागली. म्हणजे बघा, ऑपरेशनचे यश सुरी लागण्याच्या आधीपासूनच ठरू लागते.

म्हणून ऑपरेशन ठरले की डॉक्टरांना हे पाच प्रश्न नम्रपणे, पण न भिता विचारा.

एक : सिकलसेलच्या रुग्णांचे खुबे येथे आधी बदलले आहेत का? त्यांना नंतर किती वर्षे तपासायला बोलावता?

दोन : ऑपरेशनआधी रक्ताचे डॉक्टर बघणार आहेत का? रक्त किती आणि केव्हा देणार? आधी रक्त चढवले असेल तर ते आवर्जून सांगा, कारण वारंवार रक्त घेतलेल्यांना जुळणारे रक्त शोधायला वेळ लागतो.

तीन : रात्रीपासून उपाशी ठेवाल तेव्हा सलाईन चालू राहील ना? सिकलसेलच्या रुग्णाचे शरीर कोरडे पडता कामा नये आणि गारठताही कामा नये.

चार : दात, लघवी, पायावरची जुनी जखम, यांत कुठे संसर्ग आहे का ते तपासले का? तेथून जंतू नव्या खुब्यात जातात.

पाच : नंतर वेदना कशी आटोक्यात ठेवणार? हे रुग्ण लहानपणापासून वेदनेच्या गोळ्या घेत आलेले असतात. त्यांना मात्रा जास्त लागते. ते नाटक नसते आणि व्यसनही नसते.

ऑपरेशननंतरचे पहिले तीन-चार दिवस नातेवाइकांनी जागे राहायचे. छातीत दुखणे, धाप, ताप यातले काहीही झाले तर सिस्टरला लगेच सांगा. फुंकायचे यंत्र दिले असेल तर ते टेबलावर शोभेला ठेवू नका, दिवसा तासातासाला रुग्णाकडून करून घ्या. सांगितले त्या दिवशी उभे करा. "आराम करू दे बिचाऱ्याला" ही माया तेथे घात करते.

आणि ऑपरेशनने काय मिळत नाही, तेही सांगतो. वेदना जाते, झोप लागते, चालता येते, कामावर जाता येते. पण सिकलसेल जात नाही. तो रक्तात आहे, त्याची गोळी आणि तपासणी चालूच राहते. उकिडवे बसणे, खाली मांडी घालून बसणे पुष्कळांना मना असते, कारण गोल वाटीतून निसटू शकतो. घरात कमोडची सोय करावी लागते. जड ओझी उचलण्याचे काम बदलावे लागते. दरवर्षी एक्स-रे काढावा लागतो, दुखत नसले तरी.

येथे एक विनंती विहाराला. वंदनेला एखादा तरणाताठा मुलगा मागे खुर्चीवर बसला तर "एवढा जवान पोरगा आणि खुर्चीवर?" असे कोणी म्हणू नये. त्या एका वाक्याने तो पुढच्या रविवारी येत नाही. समितीने चार खुर्च्या कायम मांडून ठेवाव्यात, कोणी मागायची वेळ येऊ देऊ नये.

दुसरी विनंती आईवडिलांना. मुलाचा खुबा दुखला तर आपण धावपळ करतो. मुलीचा दुखला तर "लग्न होऊ दे, मग बघू" म्हणतो, कारण बोभाटा होईल ही भीती. दोन-तीन वर्षे अशीच जातात, पाय आखूड होतो, मांडीचे स्नायू वाळतात, आणि मग ऑपरेशन केले तरी लंगडेपण पूर्ण जात नाही. ज्या मुलीला बाबासाहेबांमुळे कॉलेज दिसले, तिला खुब्यापायी घरात बसवू नका. लपवण्यापेक्षा लग्नाआधी दोन्हीकडच्या मुलामुलींनी रक्त तपासावे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एस-एस होण्याची शक्यता चारात एक असते. हे माहीत असणे यात लाज कसली?

पैशाचे काय? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. खुब्याचे ऑपरेशन योजनेत कसे बसते, कोणत्या रुग्णालयात होते, कोणती कागदपत्रे लागतात ते आधी त्यांना विचारा, मग तारीख ठरवा. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. तेथे समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. मेडिकल आणि मेयोची दारे तर आपल्यासाठी उघडीच आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, म्हणून दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी ठेवली आहे, तिचा लाभ घ्या. जमीन किंवा मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी ही सगळी दारे ठोठावून बघा.

शेवटी वस्तीतल्या तरुणांना एक काम सांगतो. आपल्या वस्तीत सिकलसेलचे किती रुग्ण आहेत, त्यांतले किती लंगडतात, किती जणांनी खुबा दाखवला, याची एक वही करा. नावे चारचौघांत वाचू नका, पण वही ठेवा. महिन्यातून एकदा कोणीतरी त्या घरी जाऊन "पाय कसा आहे?" एवढे विचारा. ज्याला न्यायचे त्याला दवाखान्यात घेऊन जा. रक्तदान शिबिर तर आपण दरवर्षी घेतोच, त्यातली बाटली कोणाच्या कामी येते हेही मग समजेल.



जयभीम! नमो बुद्धाय!